आयझॅकची लघुग्रह शोध मोहीम: तीन मोहिमा करून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेले मोकळे. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो मोहीम चालवणाऱ्यांचा नाही, ‘लघुग्रह शोधा आणि त्याला हवं ते नाव द्या’ अशा ज्या पोस्ट फिरत असतात ना, त्यांचा कापलाय, कारण तसलीच एक पोस्ट वाचून मी आणि माझी भाची यात पडलो आणि पहिले पंधरा दिवस आम्ही लघुग्रह कमी आणि नावंच जास्त शोधत होतो.

मोहिमेचं पूर्ण नाव इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन. लघुरूप आयएएससी, पण सगळे म्हणतात आयझॅक. २००६ मध्ये टेक्सासमधल्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठाच्या पॅट्रिक मिलर यांनी सुरू केली, नासाचा पाठिंबा आहे आणि भाग घ्यायला एक पैसा लागत नाही. हे फुकटवालं लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे. एक मोहीम साधारण महिनाभर चालते, टीम करून नाव नोंदवायचं, मग वेळोवेळी चित्रांचे संच येतात, ते उघडून त्यात हलणारे ठिपके शोधायचे आणि रिपोर्ट पाठवायचा. बास. शाळा-कॉलेजच्या टीम खूप असतात पण मोठ्यांनाही घेतात. आमच्या टीममध्ये मी, नववीतली भाची आणि माझा एक मित्र, जो पहिल्या आठवड्यातच ‘डोळे दुखतात’ म्हणून गळाला.

चित्रं येतात ती मुख्यतः पॅन-स्टार्स नावाच्या सर्व्हेची. हवाईमध्ये माउई बेटावर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी आहे, त्याच्या माथ्यावर साधारण तीन हजार मीटर उंचीवर १.८ मीटर आरशाची दुर्बीण बसवलीय आणि तिचा कॅमेरा १४० कोटी पिक्सेलचा. २०१७ मध्ये सूर्यमालेच्या बाहेरून आलेला तो ओउमुआमुआ म्हणून लांबुडका पाहुणा गाजला होता, तो हिनेच पकडला. आता एवढी दुर्बीण हाताशी असताना त्यांना आपल्यासारख्यांची गरज काय, हा प्रश्न मलाही पडला होता. तर चित्रांवरून त्यांचा प्रोग्रॅम फिरतोच आणि बहुतेक सगळं तोच टिपतो, पण काही अगदी पुसट, काही एखाद्या ताऱ्याला खेटून गेलेले, काही चित्राच्या फटीपाशी आलेले असे ठिपके त्याच्या चाळणीतून निसटतात. आपण ती खाली राहिलेली चाळण परत निवडायची. घरात तांदूळ निवडणारी एक म्हातारी असते, जिला चष्म्याशिवाय खडा दिसतो, तसं काम आहे हे. आणि निवडायला दिलं त्यात खडे सापडतीलच असं नाही, ही गोष्ट पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही.

सॉफ्टवेअरचं नाव ॲस्ट्रोमेट्रिका, ऑस्ट्रियातल्या हर्बर्ट राब यांनी लिहिलेलं. फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे मॅकवाल्यांनी आधीच काहीतरी सोय बघून ठेवा. दिसायला ते वीस वर्षांपूर्वीचं वाटतं, राखाडी खिडक्या, बारीक बारीक बटणं, कुठे काय दाबायचं हे बघून अजिबात कळत नाही. भाची म्हणाली, “मामा, हे तुझ्या कॉलेजच्या वेळचं आहे का?” पण एकदा हात बसला की कळतं की यात फालतू काही नाही, जे आहे ते लागतंच. मोहिमेकडून एक सेटिंगची फाईल मिळते ती घालायची, मग चार चित्रं एकत्र उघडायची. प्रोग्रॅम आपला आपण आकाशातल्या ताऱ्यांच्या यादीशी चित्र जुळवून घेतो म्हणजे कुठला पिक्सेल आकाशात नेमका कुठे आहे हे त्याला कळतं, आणि मग ‘ब्लिंक’ करायचं. चार चित्रं एकामागून एक, परत परत, परत परत.

हे ब्लिंक म्हणजे सगळ्याचा जीव आहे. चारही चित्रं आकाशाच्या त्याच तुकड्याची असतात, साधारण तासाभरात थोड्या थोड्या अंतराने घेतलेली. तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रह टुक टुक टुक टुक करत सरकतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला लघुग्रह तासाभरात किती सरकत असेल, तर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा पन्नासावा-साठावा भाग. आणि पुसट किती, तर आपल्याला जे मिळायचे त्यातले कितीतरी एकविसाव्या प्रतीच्या आसपासचे (प्रत म्हणजे तेज मोजायचा आकडा, जितका मोठा तितकं पुसट). नुसत्या डोळ्याला अंधाऱ्या जागेवरून कसेबसे सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. मधल्या पंधरा प्रती म्हणजे दहा लाख पट. दिसतो त्या सगळ्यात पुसट ताऱ्याहून दहा लाख पट पुसट दगड, कोट्यवधी किलोमीटर लांब, आणि तो तुमच्या लॅपटॉपवर चार उड्या मारतोय. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आधीच माहीत असलेला निघाला तरी अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

खरं कौशल्य मात्र नंतर लागतं. हलताना दिसलं म्हणजे लघुग्रह, असं नसतं. कॅमेऱ्यातला एखादा पिक्सेल बिघडलेला असतो तो उगाच चमकतो, अवकाशातून आलेला एखादा कण कॅमेऱ्यावर आपटला की एका चित्रात टिंब उमटतं आणि पुढच्यात नसतं, कॅमेऱ्याच्या चिप्सच्या मधल्या फटी काळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात आणि त्यांच्या कडांना तर भुतांचा बाजार भरलेला असतो. मग एखाद्या ठिपक्यावर क्लिक केलं की छोटी खिडकी उघडते, त्यात त्या ठिपक्याच्या उजेडाचा आलेख. खरा लघुग्रह असेल तर आलेख टेकडीसारखा दिसतो, हळूहळू चढतो हळूहळू उतरतो, कारण दुर्बिणीतून आणि हवेतून आलेला उजेड चार पिक्सेलमध्ये पसरतोच. बिघडलेला पिक्सेल असेल तर खिळा ठोकल्यासारखा एकच उंच सुळका. शिवाय शेजारी आकडे असतात. गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती हा आकडा पाचाच्या खाली असेल तर सोडून द्यायचं. चारही चित्रांत वेग सारखा पाहिजे, दिशा सरळ रेषेत पाहिजे, आणि तेज एका चित्रात एकोणीस आणि पुढच्यात बावीस असं होता कामा नये.

हे वाचायला सोपं आहे. करताना काय होतं की दोन तास काही सापडलेलं नसतं आणि माणूस हावरट झालेला असतो. मग तिसऱ्या चित्रातला ठिपका जरा बाजूला असला तरी ‘चालतंय की’ वाटायला लागतं. आमच्या पहिल्या मोहिमेत आम्ही पाठवलेल्या नवीन ठिपक्यांपैकी एकही टिकला नाही, आणि आता त्या फाईली परत उघडून बघितल्या तर हे आम्ही कसं काय पाठवलं याची लाज वाटते. एकाचा तर वेग मधेच दुप्पट झालेला. भाची तेव्हाच म्हणत होती, “मामा, हा नाहीये रे, तुला असावासा वाटतोय म्हणून दिसतोय.” मी ऐकलं नाही.

सगळ्यात मोठा फज्जा दुसऱ्या मोहिमेतला आणि त्यात चूक शंभर टक्के माझी. ॲस्ट्रोमेट्रिकाला माहीत असलेल्या लघुग्रहांच्या कक्षांची यादी उतरवून द्यावी लागते, ती मायनर प्लॅनेट सेंटरकडून, म्हणजे जगभरातली लघुग्रहांची निरीक्षणं जिथे गोळा होतात तिथून येते आणि वेळोवेळी ताजी करून घ्यायची असते. यादी ताजी असली की जुने लघुग्रह चित्रात खुणेसकट, नावासकट दिसतात. मी ती महिनाभर केलीच नव्हती. एके रात्री एक ठिपका सापडला, इतका सुंदर की काय सांगू, गोल, स्वच्छ, चारही ठिकाणी बरोब्बर सारख्या अंतरावर, आणि शेजारी खूण नाही. म्हणजे नवीन! भाचीला फोन करून उठवलं. तिने शांतपणे विचारलं, “यादी अपडेट केलीस का?” केली. परत उघडलं. ठिपक्याशेजारी खूण आली आणि खुणेशेजारी क्रमांक. क्रमांक असलेला, म्हणजे कितीतरी वर्षं लोकांच्या ओळखीचा. त्या दिवसापासून अपडेटचं खातं तिच्याकडे आहे, माझ्यावर विश्वास नाही.

रिपोर्टबद्दल फार सांगत नाही. प्रत्येक निरीक्षणाची एक ओळ, त्यात वेळ, आकाशातली जागा, तेज आणि वेधशाळेचा कोड, पॅन-स्टार्सचा एफ५१. सगळ्या ओळी ठरावीक रकान्यांत बसलेल्या असतात, एक जरी स्पेस हाताने इकडची तिकडे केली तरी बिघडतं, त्यामुळे प्रोग्रॅमने जे बनवून दिलंय ते तसंच पाठवा, त्यात सुशोभीकरण करायला जाऊ नका.

आता मुद्द्याचं. पाठवल्यावर पुढे काय होतं?

आयझॅकवाले तपासतात, टिकलं तर तुमच्या नावावर ‘प्रिलिमिनरी’ शोध लागतो. सर्टिफिकेट येतं, सोशल मीडियावर ‘अमक्याने लघुग्रह शोधला’ अशा ज्या पोस्ट दिसतात त्यातल्या बऱ्याचशा याच टप्प्यावरच्या असतात. पण हा फक्त एका रात्रीचा पुरावा. चार ठिपक्यांच्या त्या तुकड्याला ट्रॅकलेट म्हणतात आणि एका ट्रॅकलेटवरून कक्षा काढता येत नाही, तो कुठून आला कुठे गेला काही सांगता येत नाही. मायनर प्लॅनेट सेंटरकडे असे एकेकटे पडलेले ट्रॅकलेट लाखोंनी आहेत, कुणाशीच न जुळलेले. दुसऱ्या रात्रीही कुणीतरी तोच दगड पाहिला आणि दोन्ही जुळले की मग त्याला तात्पुरता कोड मिळतो, तो ‘प्रोव्हिजनल’ टप्पा. त्यानंतर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या प्रतियुतींना तो परत परत दिसला पाहिजे, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि त्याच्या मधोमध येते त्या वेळी. पट्ट्यातल्या लघुग्रहाची प्रतियुती सव्वा-दीड वर्षाने येते, अशा साधारण चार तरी हिशेबात धरा. मग कक्षा पक्की झाली असं मानून त्याला कायमचा क्रमांक मिळतो. आयझॅकवाले स्वतःच सहा ते दहा वर्षं सांगतात. भाची कॉलेज संपवून नोकरीला लागलेली असेल.

एवढी चालढकल कशाला असं वाटू शकतं, मलाही वाटलं होतं, पण याला इतिहास आहे. १ जानेवारी १८०१ ला इटलीतल्या पालेर्मोमध्ये पियाझी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने सेरेस शोधला, पहिलाच लघुग्रह, आणि काही आठवड्यांत तो सूर्याच्या उजेडात गेला आणि हरवला. परत कुठे बघायचं कुणालाच कळेना. शेवटी गाऊस या गणितज्ञाने कागदावर कक्षा मांडली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री तो सापडला. त्याहून भारी गोष्ट ७१९ क्रमांकाच्या अल्बर्टची. १९११ मध्ये सापडला, क्रमांक दिला, नाव दिलं, सगळं सोपस्कार झालं आणि पठ्ठ्या गायब. सापडला थेट २००० मध्ये. बारसं झालेलं मूल ८९ वर्षं बेपत्ता! तेव्हा आता क्रमांक देताना ते घाई करत नाहीत ते बरोबरच आहे.

आणि हो, मिळून शोधायची कल्पना पण आजची नाही. सेरेसच्या आधीच, १८०० साली, जर्मनीतल्या लिलिएन्थालला काही खगोलशास्त्रज्ञ जमले होते आणि मंगळ-गुरूच्या मधला ‘हरवलेला ग्रह’ शोधायला आकाशाचे २४ भाग पाडून २४ जणांना वाटून द्यायचं ठरवलं होतं. पियाझीचं नाव त्या यादीत होतं म्हणे, पण आमंत्रण पोचायच्या आतच त्याला सापडला. म्हणजे टीमचं रजिस्ट्रेशन व्हायच्या आधीच शोध लावणारा तो एकटाच.

श्रेयाचाही एक बारीक नियम आहे तो आधी माहीत असलेला बरा. शोध कुणाचा हे आत्ता ठरत नाही, क्रमांक मिळताना ठरतं, आणि त्यात पहिल्यांदा कुणाला दिसला यापेक्षा दुसऱ्या रात्रीचं निरीक्षण सगळ्यात आधी कुणी कळवलं याला महत्त्व आहे. म्हणजे तुम्ही पाहिलं, खुश झालात, आणि दुसरी रात्र भलत्याच सर्व्हेने आधी कळवली तर तुमचा शोध त्यांच्या खात्यावर. अन्याय वाटेल, पण विचार केला तर पटतं, एका रात्रीच्या पुराव्यावर दगड सापडलेलाच नसतो.

त्या तात्पुरत्या कोडची गंमत मात्र लगेच कामाला येते. २०२५ च्या सुरुवातीला बातम्यांमध्ये २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह गाजला होता, २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या वर गेली होती आणि मग निरीक्षणं वाढली तशी जवळजवळ शून्यावर आली. ते वायआर४ म्हणजे काय हे तेव्हा एकाही बातमीत मला दिसलं नाही. सोपं आहे. वर्षाचे २४ पंधरवडे, प्रत्येकाला रोमन अक्षर, ‘आय’ गाळायचं कारण तो एक आकड्यासारखा दिसतो. ‘वाय’ म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. मग त्या पंधरवड्यात कितवा, त्यासाठी दुसरं अक्षर, ‘आर’ म्हणजे सतरावा. पण पंचवीस अक्षरांत काय होणार, संपली की परत पहिल्यापासून आणि किती फेऱ्या झाल्या तो आकडा शेवटी. चार फेऱ्या म्हणजे शंभर अधिक सतरा, त्या पंधरवड्यातला एकशे सतरावा. भाचीने हे पाच मिनिटांत पाठ केलं आणि आता कुठलाही कोड दिसला की तोंडी सोडवते. अपोफिस नावाच्या लघुग्रहाचा जुना कोड २००४ एमएन४, जूनचा दुसरा पंधरवडा, एकशे तेरावा. करून बघा, नाद लागतो.

आता नावं. ज्याच्यासाठी आपण सगळे येतो.

पहिल्या मोहिमेआधीच भाचीने वहीत अकरा नावं लिहून ठेवली होती. मग आम्ही नियम वाचले आणि एकेक नाव गळत गेलं. तिच्या कुत्र्याचं नाव पहिलं होतं, ते गेलं, पाळीव प्राण्यांची नावं नकोत असं सांगून ठेवलंय. त्याला कारणही आहे, २३०९ क्रमांकाच्या लघुग्रहाला शोधणाऱ्याने मिस्टर स्पॉक हे नाव दिलं ते आपल्या मांजरावरून, आणि त्यानंतर नावं मंजूर करणाऱ्या समितीने हे थांबवा म्हटलं. आजीचं पूर्ण नाव गेलं, कारण रोमन लिपीत जास्तीत जास्त १६ अक्षरं आणि शक्यतो एकच शब्द, आमच्या आजीचं नुसतं आडनावच नऊ अक्षरांचं. आजोबांचे लाडके एक पुढारी होते, ते गेले, कारण राजकारण किंवा लढाईमुळे गाजलेल्या माणसाचं नाव द्यायचं तर त्याला जाऊन शंभर वर्षं व्हावी लागतात. (पियाझीच्या वेळी हा नियम नव्हता. त्याने सेरेसला राजाचं नाव जोडून सेरेस फर्डिनांडेआ केलं होतं, बाकीच्या देशांनी राजा गाळून टाकला.) एका कंपनीचं नाव भाचीला गंमत म्हणून हवं होतं, जाहिरातीची नावं चालत नाहीत. दोन नावं आधीच्या नावांशी फार मिळतीजुळती निघाली. उच्चारता आलं पाहिजे, कुणाला लागेल असं नको. शिवाय पृथ्वीच्या जवळून जाणारा निघाला तर रिवाज पुराणातल्या नावांचा, अपोफिस आणि बेन्नू दोन्ही इजिप्तच्या पुराणातून आलेत. गुरूच्या वाटेवर त्याच्या मागेपुढे फिरणारे असतात त्यातल्या मोठ्यांना ट्रोजन युद्धातली माणसं.

अकरापैकी तीन उरली. ती काय आहेत हे मला सांगायची परवानगी नाही.

आणि एवढं करून आपण नाव ‘देत’ नाही, सुचवतो. क्रमांक मिळाल्यावर शोधणाऱ्याला दहा वर्षं सुचवायचा हक्क असतो, नावाबरोबर ते का याचं थोडक्यात टिपण द्यायचं, मग आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा छोट्या वस्तूंच्या नावांसाठी एक गट आहे तो मत देतो आणि पसंत पडलं तर त्यांच्या बुलेटिनमध्ये छापून येतं. एका शोधकर्त्याने दोन महिन्यांत दोनच नावं सुचवायची असाही नियम आहे, कारण मोठ्या सर्व्हेंकडे हजारो बिननावी दगड पडलेत, ते सुटले तर गट दुसरं काही करूच शकणार नाही. माहीत असलेले लघुग्रह तेरा लाखांच्या वर आणि नाव असलेले पंचवीस हजारांच्या आसपास. बाकीचे सगळे नुसत्या आकड्यांवर जगतायत.

पण म्हणूनच ज्यांना नाव मिळालंय त्यांची यादी चाळायला मजा येते. ३००१२८ क्रमांकाचा लघुग्रह पंडितजसराज आहे, एकच शब्द, बारा रोमन अक्षरं, नियमात फिट्ट. अमेरिकेतल्या कॅटलिना नावाच्या सर्व्हेला २००६ मध्ये सापडला, नाव २०१९ मध्ये मिळालं, म्हणजे मधे तेरा वर्षं. आणि क्रमांक उलटा वाचा, जोड्या पाडून: २८-०१-३०. पंडितजींची जन्मतारीख. मी हे मित्राला सांगितलं तर तो म्हणाला योगायोग असेल. असू दे की! ४५३८ विश्यानंद हा आपल्या बुद्धिबळवाल्या आनंदचा. बेन्नूचं नाव एका नऊ वर्षांच्या मुलाने स्पर्धेत सुचवलं होतं, म्हणजे पोरांना नाव ठेवायला मिळतच नाही असंही नाही.

आता तो फुकटचा मुद्दा. आयझॅकला पैसे लागत नाहीत. पण दुसऱ्या मोहिमेच्या वेळी आमच्या ओळखीतल्या एका मुलीला कुणीतरी मधल्या माणसाने नोंदणी, ‘ट्रेनिंग’ आणि सर्टिफिकेट असं सगळं धरून चांगली रक्कम लावली, आणि वर ‘लघुग्रहाला मुलीचं नाव मिळेल’ हे तोंडी सांगितलं. नाव घेत नाही, पण असे बरेच आहेत. शिकवण्याचे पैसे कुणी घेतले तर माझी हरकत नाही, शिकवायला वेळ जातो. पण नाव मिळेल असं कुणी कबूल करत असेल तर उठून चालू लागा. तीच गोष्ट ताऱ्याला नाव देऊन फ्रेम विकणाऱ्यांची, त्या नावाला खगोलशास्त्रात काडीची किंमत नाही, खगोलशास्त्रीय संघ नावं विकत नाही.

ज्यांना एवढं सगळं इन्स्टॉल वगैरे झेपणार नाही त्यांच्यासाठी झूनिव्हर्स या सामान्य लोकांना संशोधनात हातभार लावू देणाऱ्या वेबसाईटवर द डेली मायनर प्लॅनेट म्हणून प्रकल्प आहे, २०२३ मध्ये सुरू झालेला, तोच कॅटलिना सर्व्हे चालवतो. ब्राउझरमध्येच चार चित्रं हलती दिसतात आणि खरा की खोटा एवढंच सांगायचं. मी दोन्ही केलंय. डेली मायनर प्लॅनेट बसस्टॉपवर उभं राहून मोबाईलवर होतं, भाचीच्या आईला पण जमलं. पण तिथे ठिपका प्रोग्रॅमने आधीच निवडून समोर ठेवलेला असतो, तुम्ही फक्त पंच. आयझॅकमध्ये मोकळं आकाश समोर असतं आणि शोधायचं तुम्हालाच असतं. मोजमाप, आकडे, रिपोर्ट सगळं हाताने केल्यामुळे डोक्यात बसतं. वेळ कमी असेल तर पहिलं, शिकायचं असेल तर दुसरं.

आणि एक शंका सगळेच विचारतात, आता चिलीमध्ये रुबिन वेधशाळा सुरू झाल्यावर याचा उपयोग काय. शंका रास्त आहे. जून २०२५ मध्ये त्यांनी पहिली चित्रं दाखवली तेव्हा दहा तासांच्या निरीक्षणात २१०४ नवीन लघुग्रह सापडले होते. आम्हाला तीन मोहिमांत मिळून सापडला एक, तोही प्रिलिमिनरी. पट्ट्यातले लहान दगड पुढच्या काही वर्षांत ती दुर्बीण घाऊक भावात उचलणार यात मला शंका नाही आणि तुमच्या-आमच्या वाट्याला कमी येत जाणार. त्यामुळे करायचं असेल तर आत्ता करून घ्या, असा माझा साधा हिशेब. पण जुन्या चित्रांतले निसटलेले ट्रॅकलेट वाया जात नाहीत. उद्या रुबिनला एखादा सापडला आणि कुणीतरी मागे जाऊन शोधलं की हा आधी कुठे दिसला होता का, तर कुठल्यातरी टीमने पाठवलेल्या चार ओळी कक्षा पक्की करायला उपयोगी पडू शकतात. श्रेय मिळेल न मिळेल.

आमचा तो एक तिसऱ्या मोहिमेत सापडला. भाचीने शोधला, मी नाही. चित्राच्या अगदी खालच्या कडेला, एका भपकेबाज ताऱ्याच्या शेजारून जाणारा, पहिल्या चित्रात तर ताऱ्याच्या उजेडात अर्धा बुडालेला. मी तो संच आधी बघून ‘काही नाही’ म्हणून बाजूला ठेवला होता. तिने मला न सांगता परत उघडला, दीडेक तास बसली, आलेख तपासला, वेग तपासला, यादी अपडेट केली, आणि मग म्हणाली, “मामा, ये बघायला, पण लगेच ओरडू नकोस.” सिग्नल सहाच्या जरा वर. ओरडलो नाही. रिपोर्ट तिनेच पाठवला.

ज्यांना भाग घ्यायचाय त्यांना थोडं सांगून ठेवतो. टीम तीन-चार जणांची ठेवा, दोघांनी एकच संच वेगवेगळा बघा आणि मग बोला, एकत्र बसून बघितलं की एक जण बोट दाखवतो आणि दुसऱ्याला तेच दिसायला लागतं. रात्री उशिरा बघू नका, दमलेल्या डोळ्यांना सगळंच हलताना दिसतं. संच आला की फार दिवस ठेवू नका, रिपोर्टला मुदत असते. इंग्रजी सूचना पूर्ण वाचा, अर्ध्या वाचून आम्ही पहिल्या मोहिमेतले दोन संच वाया घालवले. लहान मुलांना बसवणार असाल तर आधी माहीत असलेले लघुग्रह शोधायला द्या, ते प्रत्येक संचात असतातच, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत. आणि माऊस घ्या, साधा वायरचा चालेल, लॅपटॉपच्या टचपॅडवर एवढ्याशा ठिपक्याच्या बरोब्बर मधोमध क्लिक करणं मला अजून जमलेलं नाही.